डोळे नसलेली ११ पिल्लं आणि सिग्नल पुसणारं एन्झाइम

१९३३ ची गोष्ट आहे. टेक्सासच्या कृषी संशोधन केंद्रात फ्रेड हेल नावाचे संशोधक डुकरांच्या खाण्यावर काम करत होते, त्यांनी एका मादीला गाभण राहायच्या बऱ्याच आधीपासून असं खाद्य दिलं की ज्यात व्हिटॅमिन ए जवळपास नव्हतंच, आणि ती व्याली तेव्हा ११ पिल्लं झाली आणि अकराच्या अकरा पिल्लांना डोळे नव्हते. डोळे होते पण दिसत नव्हतं असं नाही, डोळ्याचा गोळाच तयार झाला नव्हता. त्या काळात असं काही जन्मलं की घराण्यातला दोष म्हणायचं आणि गप्प बसायचं. हेल गप्प बसले नाहीत, त्यांनी याच पिल्लांची पुढे पैदास केली, या वेळी मात्र व्हिटॅमिन ए भरपूर दिलं, आणि पुढची पिल्लं डोळ्यांसकट जन्मली. दोष रक्तात नव्हता, खाद्यात होता.

यानंतर २० वर्षांनी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी कोहलन यांनी याच्या बरोबर उलटं दाखवलं. त्यांनी गाभण उंदरांच्या माद्यांना व्हिटॅमिन ए खूप जास्त दिलं, तर पिल्लांची कवटी बंदच झाली नाही, मेंदू उघडा राहिला. आता बघा, कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी बिघडतं, आणि साधंसुधं बिघडत नाही, अवयवच्या अवयव चुकतात. शाळेत आपल्याला व्हिटॅमिन ए म्हणजे रातांधळेपणा आणि गाजर एवढंच शिकवतात. गर्भात ते एवढं काय करत असेल की त्याच्यावाचून डोळाच बनू नये?

याचं उत्तर मला वाटतं भ्रूणशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक आहे, आणि ते उत्तर व्हिटॅमिनमध्ये कमी आणि एन्झाइममध्ये जास्त आहे. एन्झाइमला पुस्तकी मराठीत विकर म्हणतात पण बोलताना कुणी म्हणत नाही, म्हणून मी एन्झाइमच म्हणते. पेशीत रासायनिक बदल घडवून आणणारं प्रोटीन म्हणजे एन्झाइम.

आधी थोडी केमिस्ट्री, घाबरू नका. आपण खातो ते व्हिटॅमिन ए म्हणजे रेटिनॉल, २० कार्बनचा एक छोटासा तेलकट रेणू. तो स्वतः पेशीला काहीच सांगत नाही. आईच्या रक्तातून तो गर्भापर्यंत पोचतो, पेशीत शिरतो आणि तिथे एक एन्झाइम त्याचे दोन हायड्रोजन काढून घेतं, झालं रेटिनाल. मग दुसरं एन्झाइम त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडतं, झालं रेटिनॉइक ॲसिड. बस, दोन पायऱ्या. पण या दोन पायऱ्यांनी जे तयार होतं ते सरळ पेशीच्या केंद्रकात जातं, डीएनएवर बसलेल्या एका प्रोटीनला जाऊन चिकटतं, आणि त्यासरशी काही जीन चालू होतात तर काही बंद, म्हणून रेटिनॉइक ॲसिडला पेशीसाठीचा सिग्नल म्हणायचं. हे प्रोटीन म्हणजे रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर, तो १९८७ मध्ये सापडला, एकाच वेळी दोन ठिकाणी, अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या लॅबमध्ये आणि फ्रान्समध्ये पिएर शाँबों यांच्या.

या दुसऱ्या पायरीच्या एन्झाइमचं नाव राल्डएच-२. नाव लक्षात ठेवा, हा बनवणारा.

आणि एक मोडणारं आहे, त्याचं नाव सिप-२६. खरं तर ती तीन भावंडं आहेत, ए-१, बी-१ आणि सी-१. हे एन्झाइम काय करतं तर तयार झालेल्या रेटिनॉइक ॲसिडवर ऑक्सिजनचा अजून एक अणू नेऊन बसवतं, आणि त्याबरोबर तो रेणू निकामी होण्याच्या वाटेला लागतो. एक ऑक्सिजन जोडला तर सिग्नल तयार, अजून एक जोडला तर सिग्नल खलास.

आता तुम्ही म्हणाल की बनवणारं समजलं, पण एवढ्या कष्टाने बनवलेलं मोडायचं कशाला? इथेच खरी गंमत आहे आणि मी हा सगळा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

मी कृष्णाकाठची, आमच्याकडे ऊस. लहानपणी सुट्टीत आबांबरोबर दारं धरायला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाटातून पाणी येतं आणि तुम्ही फावड्याने एकेका वाफ्याचं दार मोडून पाणी आत घेता, तो भरला की माती लावून बंद करता आणि पुढचं मोडता. पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्याला पाणी दणकून मिळतं, टेलला असलेल्याला कमी. हे सगळ्यांना दिसतं. पण आबा पावसाळ्याआधी दरवर्षी दोन दिवस घालवायचे ते रानाच्या खालच्या अंगाला असलेला चर साफ करण्यात, त्यात वाढलेलं गवत काढायचं, गाळ उपसायचा, कारण तो चर तुंबला की पाणी रानातच बसतं, जमीन चिबड होते आणि ऊस पिवळा पडतो. मला तेव्हा वाटायचं की पाणी देणं हे काम आणि चर काढणं म्हणजे साफसफाई. आता कळतं की कुठल्या वाफ्यात किती पाणी राहणार हे नुसता पाट ठरवतच नाही, पाट आणि चर दोघं मिळून ठरवतात.

राल्डएच-२ म्हणजे पाट. सिप-२६ म्हणजे चर.

आणि भ्रूणात तर चराचं महत्त्व अजून जास्त, कारण रेटिनॉइक ॲसिड तेलकट आणि छोटं, त्यामुळे पेशीच्या पातळ पडद्यातून ते आरपार जातं. बाकीचे बरेच सिग्नल म्हणजे मोठी प्रोटीन असतात, ती पेशीच्या बाहेर राहतात, दारावर टकटक करतात, दार नसेल तर पेशीला कळतच नाही. रेटिनॉइक ॲसिडला दार लागत नाही, ते पाझरतं. एका ठिकाणी बनलं की आजूबाजूला पसरणारच, आणि ज्या पेशींना ते नकोय त्यांच्यापुढे एकच मार्ग उरतो, आत आलेलं लगेच मोडून टाकायचं. म्हणून भ्रूणातल्या काही जागांवर सिप-२६ पहाऱ्याला बसवलेलं असतं, आणि ती जागा सिग्नलपासून कोरडी राहते. ती आपोआप कोरडी नसते, प्रत्येक क्षणाला तिथे उपसा चालू असतो.

ही कल्पना आधी कागदावर आली बरं का. १९७० मध्ये फ्रान्सिस क्रिक, हो तेच डीएनएवाले क्रिक, त्यांनी एक छोटासा लेख लिहिला की भ्रूणात एका टोकाला सिग्नल बनत असेल आणि दुसऱ्या टोकाला तो नष्ट होत असेल तर मधल्या भागात आपोआप एक उतार तयार होईल, इकडे जास्त, तिकडे कमी, आणि मधली प्रत्येक पेशी स्वतःजवळचं प्रमाण बघून ओळखू शकेल की आपण नेमके कुठे आहोत. पेशीला ना डोळे ना नकाशा, पण ‘माझ्याकडे एवढं आहे म्हणजे मी मानेजवळ’ हे तिला कळतं. त्यासाठी बनवण्याची जागा आणि नष्ट करण्याची जागा दोन्ही लागतात, हे क्रिक यांचं गणित होतं. तो रेणू कोणता आणि नष्ट करणारं कोण हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आता भ्रूण प्रत्यक्ष कसा दिसतो ते सांगते म्हणजे हे हवेत राहणार नाही. झूऑलॉजीला असताना आम्हाला कोंबडीच्या भ्रूणाचं प्रॅक्टिकल होतं. दुकानातली अंडी चालत नाहीत, ती फलित नसतात, हॅचरीतून आणावी लागतात, इन्क्युबेटरला ३७-३८ डिग्रीला ठेवायची आणि तास मोजायचे. माझ्या वाट्याला ३३ तासांचं अंडं आलं. मिठाच्या कोमट पाण्यात ते हळूच फोडलं की बलक वर तरंगतो आणि त्याच्यावर एक फिकट पांढरट चकती दिसते, नखाएवढी. फिल्टर पेपरची गोल रिंग कापून ती त्या चकतीवर अलगद चिकटवायची, कडेने कात्रीने कापायचं आणि रिंगसकट उचलून वॉच ग्लासमध्ये घ्यायचं, पिवळा बलक धुवून टाकायचा. आणि मग मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काय, मधोमध एक पारदर्शक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी ठोकळे, जोडीजोडीने, मक्याच्या कणसावर दाणे असतात तसे ओळीत. मी मोजले, १२ जोड्या. आणि वर डोक्याच्या खाली एक नळी, जी मध्येच एकदा आकसली, मला वाटलं पाणी हललं, पुन्हा आकसली. ते हृदय होतं, नुकतं चालू झालेलं, अजून त्यात धड रक्तसुद्धा नव्हतं.

ते ठोकळे म्हणजे सोमाइट, त्यातून पुढे पाठीचे मणके, फासळ्या आणि पाठीचे स्नायू बनतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक नवी जोडी, झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात अर्ध्या तासाला एक, माणसात साधारण पाच तासांना एक. आणि या सोमाइटच्या भागातच राल्डएच-२ बनत असतं. म्हणजे पाट मधोमध, धडाच्या भागात. पुढे डोक्याच्या टोकाला सिप-२६ आणि मागे शेपटीच्या टोकालाही सिप-२६. दोन्ही बाजूंना चर. धडात सिग्नल सगळ्यात जास्त आणि पुढेमागे उतरत जाणारा. हे नुसतं अनुमान नाही, २०१३ मध्ये जपानमध्ये अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने असं चमकणारं प्रोटीन तयार केलं की जे रेटिनॉइक ॲसिड चिकटलं की रंग बदलतं, ते झेब्राफिशच्या भ्रूणात घातलं आणि जिवंत भ्रूणात हा उतार डोळ्यांनी दिसला, मध्ये भरपूर आणि दोन्ही टोकांना कमी.

मग शेपटीकडे सिग्नल का नको? कारण शेपटीच्या टोकाला अजून न ठरलेल्या पेशींचा साठा असतो, त्यातून पुढचे ठोकळे यायचे असतात. रेटिनॉइक ॲसिड पेशीला सांगतं की चल, आता मोठी हो, काहीतरी बन. आणि शेपटीकडून एफजीएफ नावाचा दुसरा सिग्नल येत असतो तो सांगतो की थांब, एवढ्यात नको. या दोघांची सीमा जिथे पडते तिथे साधारण नवा ठोकळा सुटा होतो. एफजीएफ नुसता सांगून थांबत नाही, तो शेपटीकडे सिप-२६ चालू ठेवायला मदत करतो, म्हणजे विरोधकाला येऊच द्यायचं नाही. चर तुंबला तर रेटिनॉइक ॲसिड मागे घुसेल, साठ्यातल्या पेशी वेळेआधीच मोठ्या होतील, आणि मागचं शरीर बनायला पेशीच उरणार नाहीत.

हे खरंच असं होतं का, हे उंदरात करून बघितलंय. १९९९ मध्ये शाँबों आणि पास्कल डोले यांच्या फ्रान्समधल्या गटाने राल्डएच-२ चं जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले. पाटच नाही. ते भ्रूण खुरटलेले राहिले, हृदयाच्या नळीला जो पीळ बसायला हवा तो बसला नाही, हातापायांचे अंकुर फुटले नाहीत आणि गर्भावस्थेच्या मध्यावरच ते मेले. मग २००१ मध्ये सिप-२६ ए-१ काढून टाकलेले उंदीर आले, दोन वेगवेगळ्या गटांकडून. चरच नाही. त्यांच्यात शरीराचा मागचा भाग नीट बनला नाही, पाठीचा कणा उघडा राहिला, काहींचे मागचे दोन्ही पाय एकमेकांना जोडलेले, आणि मेंदूच्या मागच्या भागातली आखणीही सरकलेली, कारण जिथे सिग्नल पोचायला नको तिथे तो पोचला.

इथपर्यंत ठीक. पण एक शंका कुणाच्याही मनात येईल. सिप-२६ रेटिनॉइक ॲसिड मोडतं तेव्हा त्यातून दुसरे पदार्थ तयार होतात ना, मग कशावरून तेच पदार्थ भ्रूणाला हवे नसतील? म्हणजे कदाचित सिप-२६ मोडणारं नसेलच, तेही काहीतरी बनवणारंच असेल, आणि ते न बनल्यामुळे बिघडलं असेल. ही शंका रास्त आहे आणि बरीच वर्षं होती.

याचं उत्तर शोधायला कारेन नीडरराइटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जो प्रयोग केला तो मला इतका आवडतो की मी तो जमेल त्याला सांगत असते. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. त्यांनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात सिप-२६ ए-१ च्या दोन्ही प्रती बिघडवलेल्या, म्हणजे चर पूर्ण बंद, हे उंदीर एरवी मरायचेच. आणि त्याच उंदरांमध्ये राल्डएच-२ ची एकच प्रत बिघडवली, म्हणजे पाटाचं पाणी कमी केलं. आणि ते बिघाड सावरले गेले, जे मरायला हवे होते ते जगले. विचार करा, एक मोडतोड केलेला प्राणी आहे, त्याच्यात तुम्ही अजून एक मोडतोड करता आणि तो बरा होतो. जर सिप-२६ ने बनवलेल्या पदार्थांची भ्रूणाला गरज असती तर पाणी कमी करून काही फायदा झाला नसता, उलट ते पदार्थ अजूनच कमी झाले असते. म्हणजे सिप-२६ चं काम इथे एकच, नको तिथला सिग्नल पुसणं. आणि भ्रूणाला हवा असतो तो तोल, नुसतं ‘जास्त’ही नाही आणि नुसतं ‘कमी’ही नाही.

हा तोल भ्रूण स्वतःही सांभाळतो. रेटिनॉइक ॲसिड वाढलं की ते स्वतःच सिप-२६ ए-१ चं जीन चालू करतं, म्हणजे पाणी वाढलं की चर आपोआप रुंद होतो, आणि शिवाय एक तिसरं एन्झाइम रेटिनालला पुन्हा रेटिनॉल करून मागे पाठवतं. म्हणून तर आईच्या रोजच्या खाण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी बाळाचे मणके चुकत नाहीत. पण या सगळ्याला एक मर्यादा आहे, त्याच्यावर नंतर येते.

हातापायांचंही बघा. हाताचा अंकुर फुटतो तेव्हा त्याच्या टोकाला सिप-२६ बी-१ असतं. खांद्याच्या बाजूला सिग्नल, बोटांच्या बाजूला कोरडं. जपानमध्ये हिरोशी हमादा यांच्या गटाने २००४ मध्ये हे जीन काढून बघितलं तर उंदरांचे हातपाय आखूड झाले, बोटांकडचा भाग नीट वाढलाच नाही.

आणि याहून चकित करणारं काम आपल्या देशात झालंय, ते फार लोकांना माहीत नाही. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कापली तर ती पुन्हा उगवते हे आपल्याला माहितीये. त्यांनी शेपटी कापलेली पिल्लं व्हिटॅमिन एच्या पाण्यात ठेवली आणि शेपटीच्या जागी पाय उगवले. अख्खे पाय, शेपटीच्या बुडख्यातून! त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, जयपूरच्या नियाझी आणि सक्सेना यांनी दाखवलं होतं की कापलेला पाय जास्त व्हिटॅमिन एमध्ये वाढला तर तो वेडावाकडा, नको ते भाग पुन्हा बनवत वाढतो. जे रेणू ‘तू कुठे आहेस’ हे पेशीला सांगतात त्यांचं प्रमाण बदललं की पेशी पत्ता चुकते, आणि चुकलेल्या पत्त्यावर सुद्धा ती प्रामाणिकपणे घर बांधते.

माणसांत काय? माणसांतही हेच एन्झाइम आहेत आणि त्यांचे बिघाडही सापडलेत, फार दुर्मिळ पण सापडलेत. राल्डएच-२ चा एक भाऊ आहे, राल्डएच-३, तो डोळ्याच्या भागात काम करतो. २०१३ मध्ये अशी कुटुंबं सापडली की ज्यांच्या मुलांमध्ये या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, आणि ती मुलं डोळ्यांवाचून किंवा अगदी बारीक डोळे घेऊन जन्मली होती. टेक्सासची ती ११ पिल्लं आठवा. तिथे कच्चा माल नव्हता, इथे कच्चा माल आहे पण कारागीर नाही, आणि दोन्हीकडे तयार न होणारी वस्तू तीच. मला हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि मोडणाऱ्या सिप-२६ बी-१ चे बिघाडही माणसांत सापडले, २०११ मध्ये, त्यात कवटीची हाडं नको तेवढ्या लवकर एकमेकांना जोडली जातात आणि सांगाड्यातही दोष येतात.

आता ती मर्यादेची गोष्ट, आणि हा भाग कृपया नीट वाचा, विशेषतः ज्या मुली पिंपल्ससाठी गोळ्या घेतात त्यांनी. आयसोट्रेटिनॉइन हे औषध म्हणजे रेटिनॉइक ॲसिडचंच एक रूप आहे, जिद्दी पिंपल्सवर ते खरंच फार चांगलं काम करतं, अमेरिकेत ते १९८२ मध्ये बाजारात आलं. पण ते गोळीतून थेट तयार माल म्हणून आत येतं, राल्डएचच्या पायरीची गरजच नाही, म्हणजे पाटाचं दार कुठलंही असो, हे आभाळातूनच सगळ्या वाफ्यांत एकदम पडलं. भ्रूणाचा चर एवढ्याला पुरत नाही. १९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी हे औषध पोटात गेलेल्या १५४ गर्भारपणांचा आढावा छापला, त्यातली बरीचशी मुद्दाम थांबवण्यात आली होती, १२ गर्भपात आपोआप झाले होते, २६ बाळं मोठ्या दोषांशिवाय जन्मली आणि २१ बाळांमध्ये मोठे दोष होते. कान नसणं किंवा अर्धवट असणं, हृदयातले दोष, मेंदूतले दोष. आणि ही सगळी आखणी होते गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पाळी चुकली का काय असं वाटायच्या दिवसांत, कित्येकींना तोपर्यंत कळलेलंही नसतं. म्हणून हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना दिवस राहता कामा नये, याची डॉक्टरांशी नीट बोलून सोय करा, मैत्रिणीची उरलेली गोळी तर चुकूनही घेऊ नका.

मग गाजर खायचं की नाही? खायचं, बिनधास्त. गाजर, आंबा, लाल भोपळा, शेवग्याची पानं यांच्यात व्हिटॅमिन ए नसतंच, बीटा-कॅरोटीन असतं, ते आतड्यात एक एन्झाइम मधोमध तोडतं तेव्हा त्यातून व्हिटॅमिन ए निघतं, आणि शरीरात पुरेसं झालं की हे तोडणारं एन्झाइमच कमी केलं जातं. बघा, इथेही दारावर एन्झाइमच. फार गाजरं खाल्ली तर फार तर तळहात पिवळट दिसतील. प्रश्न येतो तो तयार व्हिटॅमिन एचा, म्हणजे गोळ्या, माशाच्या लिव्हरचं तेल, रोज रोज कलेजी. गरोदरपणात असं तयार व्हिटॅमिन ए दिवसाला १०,००० युनिटच्या वर नको असं सांगितलं जातं. आणि अंगणवाडीत बाळांना ९ महिन्यांपासून जो १ लाख, मग दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस देतात त्याच्याशी याची गल्लत करू नका, त्या बाळांची आखणी केव्हाच झालेली असते, त्यांच्यासाठी तो डोस डोळे आणि जीव वाचवणारा आहे, तो चुकवू नका.

दारूचाही इथे संबंध असू शकतो. दारूचा अल्कोहोल आणि रेटिनॉल, दोन्ही रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोलच, आणि त्यांच्यावर काम करणारे एन्झाइम एकाच कुळातले. म्हणून गरोदरपणातल्या दारूने बाळाच्या चेहऱ्यावर आणि मेंदूवर जो परिणाम होतो त्यात एन्झाइम दारूतच गुंतून पडल्यामुळे रेटिनॉइक ॲसिड कमी पडणं हेही एक कारण असावं असं काही शास्त्रज्ञ मांडतात, बेडकाच्या भ्रूणांत त्याला पुष्टीही मिळालीये.

हे फक्त व्हिटॅमिन एपुरतं नाहीये. डब्ल्यूएनटी नावाचा एक सिग्नल आहे, त्याला एक एन्झाइम चरबीची शेपटी लावतं आणि त्याशिवाय तो चालतच नाही, तर नोटम नावाचं दुसरं एन्झाइम तीच शेपटी कापून त्याला गप्प करतं. बेडकाच्या पिल्लात थायरॉइडचं हार्मोन एक एन्झाइम चालू करतं आणि एक बंद करतं, म्हणून एकाच रक्तावर जगणारी शेपटी आणि पाय वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं ऐकतात. आणि आईच्या वारेत एक एन्झाइम असतं जे आईच्या ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, बाळाकडे जाता जाता बरंचसं निकामी करतं. आपल्या घराघरात असणाऱ्या ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा घटक नेमकं हेच एन्झाइम अडवतो, म्हणून गरोदरपणात खोकला आला की कधीतरी एखादी काडी ठीक, पण रोज चघळत बसू नका.

त्या ३३ तासांच्या अंड्याकडे परत जाते. १२ व्या जोडीच्या मागे अजून काहीच नव्हतं, नुसता एक धुरकट पट्टा शेपटीपर्यंत गेलेला. मी तेव्हा तो रिकामा समजून चित्रात काढलाच नाही. प्रत्यक्षात त्याच्या टोकाला सिप-२६ भरलेलं होतं, आधी बनलेल्या ठोकळ्यांकडून पाझरत येणारं रेटिनॉइक ॲसिड पोचताक्षणी मोडत होतं, आणि त्याच्या आड त्या न ठरलेल्या पेशी वाढत होत्या. अंडं इन्क्युबेटरमध्येच राहिलं असतं तर दीड तासाने १३ वी जोडी सुटी झाली असती आणि तो चर तेवढाच मागे सरकला असता.